ग्रँडस्ट्रीम एचटी८१३: लँडलाइनचा नंबर तोच ठेवून ऑफिस व्हीओआयपीवर नेताना

सीए, वकील, दवाखाना, एमआयडीसीतला छोटा कारखाना, कुठेही जा, पाटीवर आणि बिलबुकावर वर्षानुवर्षे तोच लँडलाइन नंबर छापलेला असतो. आपल्याकडे नंबर पोर्टेबिलिटी आहे ती मोबाइलला. लँडलाइनचा नंबर उचलून दुसऱ्या कंपनीच्या सिप ट्रंकवर (इंटरनेटवरून मिळणाऱ्या फोन लाइनवर) नेता येत नाही. त्यामुळे टेबलावरचे सगळे फोन आयपी (व्हीओआयपी, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवरून बोलणारे) झाले तरी ती एक जुनी लाइन नव्या सिस्टिममध्ये घ्यावीच लागते. एचटी८१३ हे नेमकं त्याच कामाचं उपकरण आहे: एक एफएक्सओ पोर्ट (बाहेरून येणारी लाइन), एक एफएक्सएस पोर्ट (साधा टेलिफोन), दोन नेटवर्क पोर्ट आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) नाही, त्यामुळे प्लगची जागा आधीच धरून ठेवा.

मत आधीच सांगतो. एका लाइनच्या ऑफिसला हा खोका योग्य आहे आणि नीट लावला तर लावून विसरून जाण्यासारखा आहे. पण तो कारखान्यातून अमेरिकन सेटिंग घेऊन येतो. ती न बदलता जोडला तर आठवड्याभरात 'व्हीओआयपी काही कामाचं नाही' असं ऑफिसात सगळे म्हणू लागतात.

जोडणीपासून सुरुवात करू. फोन पोर्टला साधा टेलिफोन लावून तीनदा स्टार दाबा, मग ०२. खोका स्वतःचा आयपी पत्ता बोलून सांगतो. ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडत नसेल तर पुन्हा तीनदा स्टार, १२ आणि मग ९ दाबून वॅनकडचा (ऑफिसच्या नेटवर्ककडचा) वेब अ‍ॅक्सेस चालू करा. ऑफिसच्या स्विचमधून येणारी केबल वॅन पोर्टमध्येच घाला. लॅन पोर्टच्या मागे हा खोका स्वतःच राउटर बनतो आणि १९२.१६८.२ चं वेगळं नेटवर्क वाटायला लागतो. मागे कॉम्प्युटर जोडायचाच असेल तर डिव्हाइस मोड 'ब्रिज' करा. पत्ता स्टॅटिक (कायम तोच राहणारा) द्या, कारण पीबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्सचेंज) त्याला पत्त्यानेच ओळखणार आहे.

पीबीएक्सकडे (फ्रीपीबीएक्स असो वा दुसरं काही) या खोक्याच्या आयपीवर पोर्ट ५०६२ ला ट्रंक (बाहेरच्या लाइनची जोडणी) बनवा. ५०६० हा एफएक्सएसचा पोर्ट आहे, एफएक्सओचा ५०६२. येणारा कॉल पीबीएक्सकडे ढकलायला बेसिक सेटिंग्जमध्ये 'अनकंडिशनल कॉल फॉरवर्ड टू व्हीओआयपी' आहे. तिथे लाइनचा नंबर, पीबीएक्सचा आयपी आणि पीबीएक्सचा सिप पोर्ट भरा. 'पीएसटीएन रिंग थ्रू एफएक्सएस' (पीएसटीएन म्हणजे नेहमीची टेलिफोन लाइन) बंद करा, नाहीतर खोक्याला लावलेला साधा फोनही प्रत्येक कॉलला वाजत राहतो.

आता खरी मेख. समोरच्याने फोन ठेवला हे खोक्याला कळतं कसं? आयपी फोनमध्ये त्यासाठी स्पष्ट संदेश येतो, तांब्याच्या लाइनवर बहुधा येतो तो फक्त बिझी टोन. खोक्यात मूळ टोन भरलेला आहे ४८० आणि ६२० हर्ट्झचा, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. भारतातला बिझी टोन आहे ४०० हर्ट्झचा, ०.७५ सेकंद चालू आणि ०.७५ सेकंद बंद. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून खोका लाइन धरूनच बसतो. व्हॉइसमेलमध्ये मिनिटंच्या मिनिटं टूं-टूं रेकॉर्ड होतं आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला नंबर कायम बिझी लागतो. एफएक्सओ पोर्टच्या पानावर 'पीएसटीएन डिस्कनेक्ट टोन डिटेक्शन' चालू करा. त्याखालच्या ओळीत ४८० आणि ६२० च्या जागी दोन्हीकडे ४०० आणि शेवटी ५००/५०० च्या जागी ७५०/७५० लिहा. मधली चिन्हं आणि शेवटचा अर्धविराम तसाच ठेवा. एवढं करूनही लाइन सुटत नसेल तर एक कॉल रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीत (आवाज तपासायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि आवाज-शांततेची लांबी मोजा; काही ठिकाणी ०.२५ सेकंदांचा कंजेशन टोन येतो. मोजलेला आकडा भरा. अंदाजाने आकडे बदलत बसू नका.

तोच घोळ बाहेर जाणाऱ्या कॉलला. 'वेट फॉर डायल टोन' चालू असेल तर खोका अमेरिकन डायल टोनची वाट पाहतो आणि तो आपल्याकडे येतच नाही. ते 'नो' करा आणि डायल करण्याआधीचा विलंब ५०० मिलिसेकंदांपेक्षा कमी ठेवू नका. 'स्टेज मेथड' २ वरून १ वर आणा, म्हणजे पीबीएक्सकडून आलेला नंबर एकाच टप्प्यात लाइनवर जाईल. पीबीएक्सच्या आउटबाउंड रूलमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या नियमात) दहा आकडी मोबाइलच्या आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायला शून्य सक्तीचा आहे, आणि आयपी फोनवर लोक तो दाबायला हमखास विसरतात.

'नंबर ऑफ रिंग्ज' मूळ ४ असतं. म्हणजे गिऱ्हाइकाला चार घंट्या ऐकू येईपर्यंत ऑफिसात काहीच वाजत नाही. १ करा. पण कॉलरचा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येत असेल तर २ ठेवा. आपल्याकडे बऱ्याच एक्सचेंजमधून नंबर घंटीच्या आधी डीटीएमएफने (बटणं दाबल्यावर येणाऱ्या टोनने) येतो. कॉलर आयडी स्कीममध्ये तसा पर्याय आहे, तो निवडून पाहा. कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करायच्या पद्धतींच्या यादीत) पीसीएमए, म्हणजे जी.७११ ए-लॉ, सगळ्यात वर. एका कॉलला इथरनेटवर प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात. ऑफिसच्या नेटवर्कला ते काहीच नाही, तेव्हा जी.७२९ च्या (आवाज दाबून कमी जागेत बसवणाऱ्या कोडेकच्या) मागे लागू नका.

आपलाच आवाज परत ऐकू येत असेल तर आधी लाइन बघा. समांतर जोडलेले जुने फोन काढून टाका. तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटरच्या फोनकडच्या टोकावरूनच लाइन घ्या. मग एसी टर्मिनेशन (लाइनशी जुळणारा इम्पिडन्स) देशानुसार निवडा, आणि शेवटी गेन (आवाजाची पातळी) दोन-तीन डेसिबलने कमी करा. बरेच जण पहिल्यांदा गेनलाच हात घालतात. त्याने प्रतिध्वनी जात नाही, आवाज तेवढा बारीक होतो.

लाइफलाइन ही या खोक्याची जमेची बाजू. वीज गेली की आतली रिले साधा फोन थेट लाइनला जोडते. तांब्याच्या लाइनवर हे फार उपयोगी आहे. पण लाइन फायबरवर गेली असेल आणि नंबर ओएनटीच्या (फायबर जिथे येते त्या डब्याच्या) टेलिफोन पोर्टमधून येत असेल, तर वीज गेल्यावर ओएनटीच बंद पडतो आणि लाइफलाइनला अर्थ राहत नाही. तिथे ओएनटी, स्विच, पीबीएक्स आणि हा खोका, चौघेही एकाच यूपीएसवर हवेत.

कोकणात किंवा जिथे ड्रॉप वायर खांबावरून उघडी येते तिथे लाइन सरळ खोक्यात घालू नका. विजेचा झटका आला की पहिला जातो तो एफएक्सओ पोर्ट. क्रोन मॉड्यूलवर (लाइनच्या तारा जोडायच्या पट्टीवर) सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याला खरं अर्थिंग द्या. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर लावला काय आणि न लावला काय, सारखंच.

दोन किंवा जास्त लाइन असतील तर असे दोन-तीन खोके घेऊ नका. ग्रँडस्ट्रीमच्याच यूसीएम६३०२ मध्ये पीबीएक्ससकट दोन एफएक्सओ आहेत, आणि पीबीएक्स आधीच असेल तर चार लाइनचा जीएक्सडब्ल्यू४१०४ आहे. बिझी टोनची कसरत मात्र तिथेही करावीच लागते. फॅक्स अजून रोज चालत असेल तर फॅक्स मशीन या भानगडीत आणूच नका, लाइनला सरळ जोडलेलं राहू द्या.

आणि हा खोका ऑफिसच्या आतच वापरा. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल या लाइनवरून इथे उतरवले तर ते बेकायदा टेलिफोन एक्सचेंज ठरतं आणि त्यावर फौजदारी कारवाई होते. राउटरवर ५०६० किंवा ५०६२ बाहेरच्या जगाला उघडू नका, आणि खोक्याचं वेब पानही नको.