ब्लड कॅन्सरच्या टेस्टची लॅब: आत पाच स्टार, काउंटरला एक

काकांच्या बोन मॅरो टेस्टसाठी (हाडाच्या आतला मगज काढून तपासतात) पुण्यातल्या एका हिमॅटॉलॉजी म्हणजे रक्ताच्या आजारांच्या लॅबमध्ये गेलो होतो, नाव टाकत नाही कारण काउंटरवाल्यांच्या नावाने बोंब मारायचीय. आतली माणसं मात्र पक्की आहेत.

सीबीसीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट दोन्ही खाली आले होते. इथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मशीनच्या आकड्यावर न सोडता स्लाइड स्वतः बघितली, ब्लास्ट म्हणजे कच्च्या, पूर्ण न वाढलेल्या पेशी दिसल्या तसा डॉक्टरांना थेट फोन केला. मग मॅरो. कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, जागा बधिर करतात पण ओढताना जी कळ जायची ती जातेच, "काका, आता ओढतोय हां" असं आधी सांगत होते तेवढं बरं. जांभळ्या झाकणाची ट्यूब फ्लो सायटोमेट्रीला (पेशींवरच्या खुणा, म्हणजे मार्कर बघून त्या कुठल्या प्रकारच्या ते ओळखतात), हिरव्या झाकणाची क्रोमोसोमच्या म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीला, कारण त्यासाठी पेशी जिवंत लागतात, लॅबमध्ये वाढवतात.

आता खरी गंमत. मॅरोत ब्लास्ट निघाले १७ टक्के. नेहमीचा हिशोब २० चा, त्याच्या खाली असलं की बहुतेक एमडीएस (मॅरोत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार) म्हणतात, वर गेलं की अॅक्युट ल्युकेमिया. फ्लोमध्ये सीडी३४, सीडी११७, एमपीओ हे मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे मायलॉइड, रक्तपेशींच्या दोन मुख्य घराण्यांपैकी एक, पण सीडी१९ पण थोडा पॉझिटिव्ह, जो बी लिम्फोसाइटचा, म्हणजे दुसऱ्या घराण्याचा मार्कर! मी गूगल करून घाबरलो की आता दोन्ही प्रकारचा आहे की काय. मॅडम म्हणाल्या, ८ आणि २१ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल झाले की असं दिसतं, त्यात ऑअर रॉड (मायलॉइड ब्लास्टमध्ये दिसणाऱ्या बारीक काड्या) पण दिसल्यात, म्हणून फिश (क्रोमोसोममधला ठरावीक बदल शोधायची टेस्ट) आल्याशिवाय मी नाव लिहिणार नाही. चुलतभाऊ तडकला, एवढे पैसे घेऊन अजून नक्की नाही म्हणे! फिश आलं आणि तेच निघालं. डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या वर्गीकरणात हा बदल सापडला तर ब्लास्ट २० च्या खाली असले तरी एएमएलच (अॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया) धरतात. १९७६ च्या फॅब या जुन्या वर्गीकरण पद्धतीत नुसतं पेशी कशा दिसतात, किती आहेत यावर एम१, एम२ नावं द्यायचे, त्या हिशोबाने १७ टक्क्यांवर काका एमडीएसमध्येच गेले असते आणि ट्रीटमेंटची दिशाच बदलली असती. हा प्रकार एएमएलमध्ये त्यातल्या त्यात बरा, केमोला चांगला रिस्पॉन्स देतो, फक्त किट नावाच्या जीनमध्ये म्युटेशन (बदल) आहे का ते बघावं लागतं, त्याची टेस्ट वेगळी.

काउंटर म्हणजे वैताग. आधी पैसे भरा, मग बोला. रिपोर्ट चार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, एकावर तर काकांचं वयच चुकीचं, ते दुरुस्त करायला परत आधार कार्ड मागितलं. मॅडमना भेटायचं असेल तर काउंटरला विचारूच नका, तुमच्या डॉक्टरांकडून फोन करवा, लगेच वेळ देतात. आणि मॅरो शनिवारी संध्याकाळी नका करू, क्रोमोसोमचं सॅम्पल सुट्टीत पडून राहिलं तर पेशी वाढतच नाहीत.