लेदरमनच्या नावाने नकली मल्टीटूल येतंय, ऑर्डर टाकायच्या आधी वाचा

ज्यांना रोज पट्ट्याला चाकू-पक्कड एकत्र असलेलं मल्टीटूल लागतं, शेतकरी, वायरमन, ट्रेकवाले कुणीही, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण लेदरमन वेव्हच्या त्या स्वस्तातल्या जाहिराती परत दिसायला लागल्यात आणि आमच्याकडे असल्याच एका नगाने चुलतभावाचं बोट फाडलंय. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण बोटाचा जास्त आहे.

आमचं काम द्राक्षाचं, निफाडकडे. बागेत फिरताना सारखं काहीतरी लागतंच, ड्रिपची लॅटरल म्हणजे बारीक नळी कापा, जॉइनर बसवा, सुतळी तोडा, खताची गोणी उघडा, मांडवाची तार ढिली झाली तर पिळा मारा, स्टार्टरचा स्क्रू आवळा. प्रत्येक वेळी शेडवर जाऊन पक्कड आणत बसलं तर काम कधी करायचं? बरेच व्हिडिओ बघून, दोन-तीन मॉडेल हातात धरून मी लेदरमनचं वेव्ह प्लस हे मॉडेल ठरवलं होतं. त्यात साधं पातं, दातेरी पातं, करवत आणि कानस ही चारही बाहेरच्या बाजूला असतात, पक्कड न उघडता एका हाताने निघतात आणि उघडली की लॉक होतात, एका हातात पाइप धरलेला असताना हे फार कामाचं आहे. कंपनी अमेरिकेतली, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडची, 1983 पासूनची, 25 वर्षांची वॉरंटी देतात. अस्सल नगाला इथे दहा हजारांच्या वर मोजावे लागतात.

जाहिरातीत किंमत 5,499 होती. इंपोर्टरचा बंद गोडाऊनचा माल, बॉक्स चेपलाय पण आतला नग नवा, असं लिहिलेलं आणि व्हिडिओ चक्क खऱ्या वेव्हचा, कुणाचातरी उचललेला. ऑर्डर कन्फर्म करायला 499 यूपीआयने, बाकी 5,000 पार्सल आल्यावर. कॅश ऑन डिलिव्हरी म्हटलं की माणसाला वाटतं वस्तू बघून पैसे द्यायचे, पण तसं नसतं, डिलिव्हरीवाला पोरगा आधी पैसे घेतो मग पार्सल हातात देतो, उघडून बघू देणं त्याच्या हातातच नसतं.

नग दिसायला इतका हुबेहूब की शेजारी खरा ठेवला नसता तर मीही ओळखला नसता. नाव नीट कोरलेलं, कव्हर चांगलं, वॉरंटी कार्डसुद्धा होतं. गोडी छाटणीचे, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचे दिवस होते, सगळे घाईत. भाऊ लॅटरल कापत होता, पाइप जरा कडक होता म्हणून त्याने जोर लावला आणि लॉक सुटून पातं उलटं मिटलं ते थेट तर्जनीवर. टाके घालावे लागले, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि ऐन छाटणीत उजवा हात बांधून बसला बिचारा.

नंतर मी तो नग उजेडात धरून नीट पाहिला. लायनर लॉकमध्ये पातं पूर्ण उघडलं की आतली एक स्टीलची पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे येऊन बसते, पातं मिटू न देणं एवढंच तिचं काम. ह्यात ती पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम कडेवर टेकत होती, नखाएवढीसुद्धा नाही, आणि अंगठ्याने जरा दाबलं की आपोआप बाजूला घसरायची. पकडीचंही तेच, बारा गेजच्या जीआय तारेला एकदा पिळा मारला तर जबडे वाकडे झाले, टोकं जुळेनात.

मग तालुक्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडचा खरा वेव्ह प्लस आणून शेजारी ठेवला. खऱ्याचं वजन 241 ग्रॅम, आम्ही औषधं मोजायच्या काट्यावर ठेवला, बरोबर तेवढंच. आमचा बराच हलका निघाला. खऱ्यात तार तोडायचे कटर वेगळे, स्क्रूने बसवलेले, झिजले की बदलता येतात. आमच्यात नुसती स्क्रूची डोकी दाखवलेली, खाली एकच धातू. खऱ्यातला कंपनीचा स्क्रूड्रायव्हरचा चपटा बिट ह्याच्या खाचेत जाईचना. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला बरेच जण देतात, त्याचा उपयोग नाही, खऱ्याचं 420 एचसी स्टीलपण चुंबकाला चिकटतं. नावावरून तर काहीच कळत नाही. माझ्या मते सगळ्यात सोपी खूण बॉक्सवर असते, बाहेरून आयात झालेल्या पॅकबंद मालावर इंपोर्टरचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि कुठल्या देशातला माल हे छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या बॉक्सवर त्यातलं एक अक्षर नव्हतं.

लॉक तपासायचं तर पातं उघडून बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवा, वर जाड फडकं गुंडाळा आणि पात्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवत दाबा. जरा जरी हललं तरी ते पातं वापरू नका, मग कंपनी कुठलीही असो.

आता ह्याच्या पुढचं नीट वाचा. मी व्हॉट्सॅपवर तक्रार केली तर लगेच रिप्लाय, सर सॉरी, फुल रिफंड देतो, आणि एक क्यूआर कोड, स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. अहो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्या खात्यातून जातात. मी नाही म्हणालो तर फोन करून स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला सांगत होता, आवाज एकदम गोड, दादा दादा करत. तेही नाही म्हटल्यावर शिवी दिली आणि ब्लॉक केलं. पहिल्या फसवणुकीत चिडलेला माणूस दुसऱ्यांदा सापडावा म्हणूनच हे रचलेलं असतं, मला तर वाटतं त्यांची खरी कमाई इथेच असणार.

सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. तक्रारीचे नंबर मिळालेत, पैसे अजून नाहीत. एक गोष्ट मात्र लगेच करा, सीओडीचे पैसे कुरिअरवाले विक्रेत्याला त्याच दिवशी देत नाहीत, मध्ये काही दिवस जातात, म्हणून पार्सल उघडल्या उघडल्या कुरिअरच्या कस्टमर केअरला लेखी मेल टाका, त्यात ट्रॅकिंग नंबर, लेबलचा फोटो आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ द्या. लेबलवर पाठवणाऱ्याचं जे नाव असतं ते जाहिरातीतल्या नावापेक्षा वेगळंच निघतं, आमचंही निघालं, त्यामुळे तो कागद फाडून टाकू नका, तक्रारीत तोच मागतात.

कुणाकडे असा नग आधीच आला असेल तर पैशाचं नंतर बघा, आधी तो घरातल्यांच्या आणि मजुरांच्या हातातून काढून घ्या.