गूंजला जुने कपडे दिले, त्याचा अनुभव (पिशव्या भरायच्या आधी वाचा)

गूंज म्हणजे शहरातलं जुनं सामान गोळा करून गावांत पोचवणारी संस्था. आमच्या सोसायटीत त्यांच्यासाठी कपडे गोळा केले, मी पण दोन पिशव्या दिल्या म्हणून लिहितेय. मी एवढी चिकित्सा का करते ते आधी सांगते. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी मामाच्या घरात शिरलं, आम्ही चौथ्या दिवशी पोचलो तर रस्त्याच्या कडेला मदतीच्या कपड्यांचा हा ढीग, पावसात भिजतोय. कोकणात, जुलैत, लोकरीचे स्वेटर! टिकल्यांच्या साड्या, जोडी नसलेल्या चपला. मामीला हवा होता एक कोरडा परकर आणि चिखल ओढायला फावडं, तेवढंच नव्हतं. शेवटी ते कपडे चिखलासकट डंपरमध्ये गेले, म्हणजे कुणाचं तरी कपाट रिकामं झालं आणि कचरा उचलायचं काम पूर आलेल्यांच्या गळ्यात.

गूंजचं मला हेच आवडलं की आलेलं सामान आधी निवडतात, मग कुठे काय लागतंय ते बघून पाठवतात. अंशू गुप्तांनी 1999 ला घरातल्या 67 कपड्यांवर हे सुरू केलं, 2015 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुती साड्या-चादरींचे पाळीसाठी पॅड होतात, जीन्सची दप्तरं, एका बाजूने कोऱ्या कागदांच्या वह्या, अगदी चिंध्या उरल्या तर सुजनी, म्हणजे आपली गोधडीच की! आणि एरवी गावात नुसतं वाटत सुटत नाहीत, लोकं मिळून विहीर खणतात, तळं साफ करतात, बिहारमध्ये तर बांबूचे पूल बांधलेत, त्या कामाबद्दल कपड्यांचं किट मिळतं. कुणी उपकार केले असं वाटायला नको ना.

आता आमची सोसायटी. एक काकू काखेत उसवलेले ब्लाउज घेऊन आल्या, वर म्हणे "अगं गरिबांना चालतं". मी हसले, पण घरी जाऊन माझीच पिशवी उपसली तर त्यात चेन तुटलेली जीन्स आणि एकच मोजा! गुपचूप काढून ठेवलं. सोबत थोडे पैसे पण द्या बरं का, ट्रकचं भाडं आणि निवडणाऱ्यांची मजुरी कपड्यांतून निघत नाही.

गूंजला 5 पैकी 5, आमच्या सोसायटीला 2, त्यातला एक वॉचमनदादांचा, सगळी पोती त्यांनीच उचलली.

आणि सलवारीत नाडी घालूनच द्या प्लीज. चिपळूणच्या त्या ढिगातून मामेबहिणीने एक बरी सलवार शोधली होती, तिने तीन दिवस सुतळी ओवून घातली.