१८७६चा सर्वोत्तम खेळाडू ठरवायला बेसबॉल-रेफरन्स कितपत कामाची?

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या नॅशनल लीगचा पहिला हंगाम १८७६चा. तेव्हा ‘सर्वोत्तम खेळाडू’ असा पुरस्कारच नव्हता, त्यामुळे निवाडा आज आकड्यांवरूनच करावा लागतो आणि त्यासाठी बहुतेक जण बेसबॉल-रेफरन्स ही आकडेवारीची साइट उघडतात. मूळ तक्ते फुकट आहेत. स्टॅटहेड ही सशुल्क सेवा गुंतागुंतीच्या शोधांसाठी. आठ संघांच्या एका हंगामासाठी तिच्यावर पैसे घालवू नका. वर्षाच्या पानावर जाऊन १८७६ निवडा आणि फलंदाजी, पिचिंग (चेंडूफेक), फिल्डिंग असे तिन्ही तक्ते उघडून ठेवा. मोबाइलवर रकाने फार सरकवावे लागतात, लॅपटॉपच बरा.

फलंदाजीपुरती साइट उत्तम. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जचा रॉस बार्न्स .४२९ सरासरीने (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) सगळ्यांच्या वर दिसतो: ३२२ अ‍ॅट-बॅट (हिशोबात धरलेल्या फलंदाजीच्या खेपा), १३८ हिट (फटका मारून तळ गाठलेल्या खेपा), १२६ धावा. पण जुन्या पुस्तकांत कुठे .४०४ दिसलं तर गोंधळू नका. त्या वर्षी वॉकसुद्धा (पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला तळ) अ‍ॅट-बॅटमध्ये धरला जाई. बार्न्सचे २० वॉक मिळवले की १३८ भागिले ३४२, म्हणजे .४०४. साइट आजच्या नियमाने हिशोब करते, जे तुलनेसाठी योग्यच आहे. संघसोबती कॅप अ‍ॅन्सन .३५६वर आहे, म्हणजे कुठल्याही हिशोबाने बार्न्स पुढेच.

तक्त्यात जे कुठेच दिसत नाही ते म्हणजे ‘फेअर-फाउल’ हिट. चेंडूचा पहिला टप्पा मैदानाच्या रेषांच्या आत पडला की तो पुढे रेषेबाहेर गेला तरी वैध. बार्न्स या फटक्यात पटाईत होता. १८७७ला नियम बदलला आणि त्याचे आकडे कोसळले. मात्र त्या वर्षी तो आजारीही होता, म्हणून सगळं खापर नियमावर फोडणं चूक. १८७६चा निवाडा करताना फटका तेव्हा कायदेशीर होता एवढं पुरे. गुण कापायचं कारण नाही.

एकूण बेरजेचे रकाने बघताना सामन्यांची संख्या आधी तपासा. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स आणि न्यूयॉर्क म्युच्युअल्स यांनी शेवटचा पश्चिमेचा दौरा टाळला (त्यापायी दोघांचीही लीगमधून हकालपट्टी झाली). शिकागोचे ६६ सामने, अ‍ॅथलेटिक्सचे ६०. अ‍ॅथलेटिक्सच्या जॉर्ज हॉलने ५ होम रन (एकाच फटक्यात सगळे तळ पार) मारून लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला, तोही कमी सामन्यांत.

पिचिंगचा तक्ता मात्र सांभाळून वाचायला हवा. सेंट लुइसचा पिचर जॉर्ज ब्रॅडली: ५७३ इनिंग्ज, १६ शटआउट (एकही धाव न देता पूर्ण केलेले सामने), ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) १.२३. ईआरए बघून डोळे दिपतात, पण बहुतेक फिल्डर हातमोज्यांशिवाय खेळत आणि दर सात-आठ संधींमागे एक चूक होई. क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी पुढच्या धावा गोलंदाजाच्याच खात्यात. इथे चुकीमुळे आलेली धाव ईआरएतून वगळतात. लीगमध्ये दर संघ सामन्याला साधारण ५.९ धावा करत होता आणि ईआरए होता अवघा २.३ च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त धावा हिशोबाबाहेर! त्यामुळे ईआरए सोडा आणि ‘आर’ रकान्यातल्या एकूण धावांना ९ने गुणून इनिंग्जने भागा. ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’मधून तक्ता सीएसव्ही करून घेतला की एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम. सेंट लुइसने ६४ सामन्यांत २२९ धावा दिल्या, सामन्याला ३.६. कसाही मोजला तरी ब्रॅडली भारीच, पण ईआरए दाखवतो तेवढा अचाट नाही.

विजयांचा रकाना तर बाजूलाच ठेवा. शिकागोचा पिचर अल स्पाल्डिंगचे ४७ विजय डोळ्यांत भरतात, पण त्याच्यामागे सामन्याला साडेनऊच्या घरात धावा करणारा संघ होता.

‘वॉर’ (साध्या बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले याचा अंदाज) या एकाच आकड्यावर क्रम लावला तर वर पिचरांचीच रांग लागते. कारण साधं आहे: एकेक पिचर संघाच्या जवळपास सगळ्या इनिंग्ज टाकत होता. लुइव्हिलच्या जिम डेव्हलिनने ६२२ टाकल्या. हात कमरेखालून, पिचर आणि फलंदाज यांच्यातलं अंतर ४५ फूट, आणि चेंडू उंच हवा की खाली हे फलंदाज सांगणार. अशा खेळात धावा रोखण्याचं किती श्रेय पिचरचं आणि किती फिल्डरांचं, हे त्या काळच्या नोंदींवरून नीट वेगळं काढता येत नाही. तरी बेसबॉल-रेफरन्स निदान दिलेल्या एकूण धावांपासून सुरुवात करते. फॅनग्राफ्स या दुसऱ्या साइटचं पिचरांचं वॉर होम रन, वॉक आणि स्ट्राइकआउट (फलंदाजाला चेंडू न लागता बाद करणं) यांवर उभं आहे. अख्ख्या लीगमध्ये ४० होम रन झालेल्या हंगामाला ते लावण्यात अर्थ नाही.

या साइटच्या आधाराने बार्न्स पहिला, ब्रॅडली दुसरा असा क्रम लावता येतो. तिसऱ्या जागेसाठी शिकागोचा कॅचर डीकन व्हाइट घ्यावा. सरासरी .३४३, पण खरं काम यष्टीरक्षकासारखं प्लेटमागे, तेही तोंडाला जाळी न लावता. मास्क वापरात आला तो पुढच्या वर्षी. फिल्डिंगच्या तक्त्यात कॅचरांचे ‘पास्ड बॉल’ (कॅचरच्या हातून निसटलेले चेंडू) पाहा, आणि ते नेहमी त्या-त्या खेळाडूने कॅचर म्हणून खेळलेल्या सामन्यांनी भागून. नुसता आकडा घेतला तर रोज खेळणाराच वाईट दिसतो.