मालवण की वायझॅग? नागपूरकराची समुद्रावरची संध्याकाळ

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की नागपूरकराला समुद्र आठवतो, आणि तो दोन्ही बाजूंना लांबच! फुटाळा तलावाचा काठ चार दिवस पुरतो, पाचव्या दिवशी बॅगा काढाव्याच लागतात.

खरा फरक सूर्याचा. मेच्या मध्यात मालवणात तो साधारण सात वाजता मावळतो, तोही थेट पाण्यात. शेजारच्या तारकर्लीच्या वाळूवर अंग टाकून हा सोहळा निवांत बघता येतो. वायझॅगला, म्हणजे विशाखापट्टणमला, समुद्र पूर्वेला, त्यामुळे सूर्य शहरामागे जातो आणि साडेसहाच्या आधीच अंधारायला लागतं. मावळतीचे फोटो हवे असतील तर तिकडे जाऊच नका.

पण अंधार पडल्यावर बाजी उलटते. वायझॅगच्या आर. के. बीचवर रात्रीपर्यंत झुंबड असते. मिरची भजी, चुरमुऱ्यांचं मुरी मिक्श्चर, आणि वाळूवर चढवून ठेवलेली कुरसुरा पाणबुडी. पोरं त्या पाणबुडीतून बाहेर यायला तयार होत नाहीत. पाण्यात मात्र उतरू देऊ नका, ओढ वाईट आहे. तारकर्लीत सूर्य बुडाला की किनारा सामसूम. मग सुरमईचं ताट, सोलकढी आणि झोप.

प्रवासाचं म्हणाल तर वायझॅगला नागपूरहून समता एक्स्प्रेस थेट जाते. मालवणला आधी रेल्वेने कुडाळ गाठा, मग रस्ता. मेच्या अखेरीस तिथल्या होड्याही पावसाळ्यासाठी बंद होतात.

पोरं सोबत असतील तर मी वायझॅग म्हणेन. दोघंच असाल तर मालवण, आणि तिथे आपलं झणझणीत सावजी जेवण शोधू नका बरं!