कॅनडाचे गुण की जुबैलची ट्रेड टेस्ट

भाच्यानं आधी आयटीआय केलं, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. म्हणजे माझ्याच पावलावर पाऊल. परवा वावरात येऊन विचारत होता, "मामा, कॅनडाचा फारम भरू का सौदीच्या एजंटले भेटू?" म्हटलं तर पोराचा साधा प्रश्न. पण परक्या देशानं आत कोणाला घ्यावं, शिकलेल्याला की राबणाऱ्याला, यावर सरकारं बदलतात आणि टीव्हीवर माणसं घसा कोरडा करतात, तो हाच प्रश्न आहे. मी तज्ज्ञ नाही. दोन्हीकडे नशीब आजमावलं एवढंच. पासपोर्ट कसा काढायचा, इकामा म्हणजे सौदीतला राहण्याचा परवाना कसा मिळतो, हे सांगत बसत नाही. ते आता पोरांना आपल्याहून जास्त ठाऊक असतं.

आधी कॅनडा. माणसाला गुण देऊन निवडायची पद्धत त्यांनी १९६७ मध्ये सुरू केली. २०१५ पासून एक्सप्रेस एन्ट्री आली, म्हणजे उमेदवारांची एक यादी, १२०० पैकी गुण. शिक्षण, वय, अनुभव, भाषा. कोणाचा वशिला नाही, जात-गाव कोणी विचारत नाही, हे मला मनापासून आवडलं होतं. मी २०१६ मध्ये फॉर्म भरला तेव्हा ३३ वर्षांचा होतो, लग्न झालेलं. लग्न झालेल्याला वयाचे जास्तीत जास्त १०० गुण. मला ८० मिळाले. तिशीनंतर दर वर्षी कापत जातात आणि पंचेचाळिशीला शून्य. ठीक आहे, बैलाचेही दात पाहूनच घेतो आपण.

खरी माशी शिंकली इंग्रजीत. बोलणं-ऐकणं निभलं. लिहिण्यात ५.५ पडले, पाहिजे होते किमान ६. निबंध होता शहरातली गर्दी कशी कमी करावी यावर. दारव्हा तालुक्यातल्या माणसाला गर्दी म्हणजे बाजाराचा दिवस, ती कमी कशाला करायची? नागपूरला क्लास लावला, पुन्हा फी भरली, ६ आणले. यादीत नाव लागलं आणि वाट पाहत बसलो. कट-ऑफ माझ्या डोक्यावरून जात राहिला. तेवढ्यात कळलं की भाषेच्या निकालाला दोनच वर्षांची मुदत असते. दोन वर्षांनी माझं इंग्रजी शिळं! भाकरी शिळी होते, फार तर आंबील शिळी होते. शिकलेली भाषाही शिळी होते आणि ताजी करायला पुन्हा तेवढेच पैसे मोजावे लागतात, हे मला तिथं कळलं. तिसऱ्यांदा परीक्षेला बसलो नाही. माझा निकाल तिथंच लागला.

आता दुसरी बाजू. २०१८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या एका उपनगरातली पत्र्याची शेड, तिथं वेल्डरची ट्रेड टेस्ट, म्हणजे हातच्या कामाची परीक्षा. सहा इंची पाइप, ४५ अंशात बांधलेला, म्हणजे सिक्स-जी. पाइप फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं, खालून झोपून मारायचं. आर्गननं रूट, म्हणजे सांध्याचा सगळ्यात आतला थर, वर ७०१८ रॉडनं फिलिंग आणि शेवटी कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर. तपासणारा मद्रासकडचा म्हातारा होता. त्यानं पाइपमध्ये बॅटरी मारून आतून रूट पाहिला, बोट फिरवलं, एक्स-रेला पाठवला आणि म्हणाला, "ठीक है." वय विचारलं नाही. गर्दीवर निबंध मागितला नाही. पोलिटेक्निकचा डिप्लोमा पिशवीतच राहिला. चार महिन्यांत मी सौदीतल्या जुबैलला होतो.

म्हणजे माणूस एकच. कॅनडाच्या यादीत मी काठावरचा डिप्लोमावाला आणि जुबैलला पहिल्या दिवसापासून कामाचा.

पण या दुसऱ्या वाटेची गोडी गाणार नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, किल्ली दुसऱ्याकडे. माझ्या इकाम्यावर वेल्डर लिहिलेलं, त्यावर बायको-पोरं आणता येत नव्हती. मुलगी तीन वर्षांची असताना गेलो, नऊची झाल्यावर कायमचा परत आलो, मधे तीनदा सुटी. २०२१ च्या मार्चपासून सौदीनं वर्षभरानंतर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली. कागदावर चांगली सुधारणा, आमच्या कॅम्पात तिचा फायदा घेतलेला एकच जण मला आठवतो. करार संपला की तुमचं तिथं काही उरत नाही. कॅनडात एकदा कायम रहिवासी झालात की पाच वर्षांत १०९५ दिवस काढले की नागरिकत्वाचा अर्ज. पोरं तिथल्या शाळेत. याची बरोबरी सहा वर्षांत पाठवलेल्या रियालांनी होत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

शिकलेल्यांना झुकतं माप द्यावं म्हणणाऱ्यांचं गणितही मला समजतं. डॉक्टर-इंजिनिअर जास्त कर भरतात, नोकरी गेली तरी दुसरी शोधतात. शिवाय तात्पुरता म्हणून आणलेला मजूर तात्पुरता राहत नाही. जर्मनीनं १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले, १९७३ मध्ये भरती थांबवली, तोवर कित्येक कुटुंबं तिथं रुजली होती. मुद्दा खरा आहे. फक्त मला त्यातला दोष रुजणाऱ्यांचा वाटत नाही. जाणार नाहीत हे दिसत असताना जाणारच असं धरून चालणाऱ्यांचा वाटतो.

माझं भांडण 'कुशल' या शब्दाशी आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणीला मेळघाटातून बाया येतात. पऱ्हाटीच्या तासात मी दिवसभर वाकलो तर वीस किलो होत नाही, त्यातही निम्मी पाती चिकटलेली. त्यांच्यातली एक जण सत्तर किलो वेचते, दोन्ही हातांनी, बोंडातून सरकी-रुई एका झटक्यात, कवडी म्हणजे किडका कापूस वेगळा. जिनिंगवर ग्रेडर गाडीत हात खुपसून कचरा पाहतो आणि त्यावर माझा भाव ठरतो. म्हणजे माझ्या वर्षाचा भाव तिच्या बोटांत. तिला जगातली कोणतीही गुणपत्रिका अकुशल म्हणेल. आमच्या गावानं उद्या 'बारावी पास असेल तरच शिवारात या' असा ठराव केला, तर डिसेंबरात कापूस झाडावर लोंबेल.

ही गंमत नाही, इंग्लंडनं जवळपास तेच केलं. १ जानेवारी २०२१ पासून नवी गुणपद्धत, कमी शिकलेल्या कामगारांना दार बंद. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ट्रकचालक कमी पडून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारनं ५००० ट्रकचालक आणि ५५०० कोंबडी-कारखान्यातले कामगार नाताळापर्यंतच्या व्हिसावर बोलवायचं ठरवलं. सालदाराला सुगीपुरता बोलवून संक्रांतीच्या आत हाकलणारा शेतकरी आमच्याकडे असला, तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे कोणी जात नाही. कॅनडाला थोडं लवकर उमगलं म्हणायचं: २०२३ पासून ते सुतार, प्लंबर, वेल्डर यांच्यासाठी वेगळी निवड काढतात. माझ्या वेळी काढली असती तर हा लेख तिकडून लिहिला असता. जपाननं २०१९ मध्ये विशिष्ट कौशल्याचा व्हिसा आणला, त्यात परीक्षा हाताच्या कामाची आणि भाषेची, दोन्ही. पहिल्या पायरीवर पाच वर्षं आणि कुटुंब नाही, दुसऱ्या पायरीवर कुटुंब नेता येतं. मला विचाराल तर सगळ्यांत शहाणपणाची मांडणी हीच, पायऱ्या असलेली.

एक आकडा माझ्या विरुद्ध जातो, तोही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत बाहेरून भारतात आलेल्या पैशात अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आणि अमिरातींचा १९.२. म्हणजे संगणकवाल्यांची अमेरिका आता अमिरातींच्या पुढे. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के. असेल. पण आमच्या गावात बाहेरच्या पैशातून झालेली कामं मोजली तर माझी विहीर, एका गवंड्याचं स्लॅबचं घर आणि एका ड्रायव्हरच्या बहिणीचं लग्न. गावचा एक इंजिनिअर अमेरिकेत आहे. आईवडिलांना त्यानं पुण्याला फ्लॅट घेऊन दिला, इथल्या घराला कुलूप. त्याला नावं ठेवत नाही, मीही तेच केलं असतं.

भाच्याला काय सांगितलं? तिशीच्या आत आहेस, लिहायचा कंटाळा नसेल तर कॅनडाचा फॉर्म अवश्य भर, फी जाईल फार तर. पण हातातला रॉड सोडू नको. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कारागीर पाठवण्याचा करार केला आहे, त्याची चौकशी कर. भाषा तिथंही शिकावी लागेल, निदान काम तुझ्याच हातचं राहील. आखातात जायचं तर एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का पाहा आणि ३०,००० रुपये अधिक जीएसटी या सरकारी मर्यादेपुढे एक पैसा देऊ नको. मी दिला होता. किती, ते त्याच्या मामीलाही अजून माहीत नाही.

त्यानं ऐकून घेतलं आणि ट्रॉलीचा तुटलेला हूक जोडायला बसला. झाल्यावर मी बॅटरी मारून आतून पाहिलं. रूट चांगला पडला होता. "मंग मामा, कोणतं?" म्हणे. म्हटलं, आधी कॅपिंग पूर्ण कर.