वापरलेले कार स्पीकर: कोअ‍ॅक्सियल जोडी की कंपोनंट सेट?

कोणी गाडी विकण्याआधी सिस्टीम काढून ठेवतो, कोणी नवीन बसवली म्हणून जुनी देऊन टाकतो. गोव्यात अशी साडेसहा इंची जोडी मिळणं कठीण नाही. ती आतून धड आहे का, हे ओळखण्यात मात्र कोअ‍ॅक्सियल (जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर एकाच स्पीकरमध्ये) आणि कंपोनंट (दोन्ही सुटे) या दोन प्रकारांत बराच फरक पडतो.

काही तपासण्या दोन्हींना सारख्याच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दाराच्या आत ओल राहते आणि वास्को-कळंगुटच्या बाजूला त्यात खाऱ्या हवेची भर. म्हणून आधी कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची पट्टी पाहावी. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. चुरा हाताला लागला तर पुढे काही बघायला नको. दमट हवेत फोम असाच विरतो. रबराची कड जास्त टिकते, मी तरी तीच घेतो. कागदी कोन फुगलेला किंवा पाण्याने डागाळलेला असेल तर सोडून द्यावा. फ्रेमवर थोडा गंज चालेल, पण मॅग्नेटजवळच्या लोखंडाचे पापुद्रे सुटलेले नकोत. ते कॉइलच्या, म्हणजे कोनमागच्या तारेच्या गुंडाळीच्या, फटीत उतरतात.

कंपोनंटचा वूफर तपासायला सोपा. दोन्ही अंगठ्यांनी कोन सारखा आत दाबायचा. कॉइल घासत असेल तर खरखर बोटांना जाणवते. चार ओहमच्या वूफरला रोध मोजणारा मीटर साधारण साडेतीनच्या आसपास आकडा दाखवतो, आणि जोडीचे दोन्ही आकडे जवळपास जुळायला हवेत. दीड व्होल्टचा सेल धन टोकाला धन असा क्षणभर टेकवला की कोन बाहेर यावा. ट्वीटरला सेल लावू नये, त्याला मीटर पुरे.

कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्वीटर वूफरच्या मधोमध खांबावर बसलेला असतो आणि त्याच्या वाटेत जाड आवाज अडवणारा कपॅसिटर असतो. मीटरचा करंट त्या कपॅसिटरपलीकडे जात नाही, त्यामुळे दिसतो तो फक्त वूफरचा आकडा. फोंड्यात मला एक जोडी दाखवली होती. रबर मऊ, कोन स्वच्छ, दोन्ही आकडे जुळलेले. स्टिरिओला जोडून घुमट-आरती लावली, बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवला. घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्यं दोन्हीकडून भरपूर, कांसाळं (झांजा) मात्र एकाच बाजूने. दुसऱ्या बाजूचा ट्वीटर मुका होता. विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसावं, कारण दोन्ही स्पीकर एकत्र वाजत असताना हे चटकन लक्षात येत नाही. कपॅसिटरच्या पुढच्या टोकाला मीटर लावून ट्वीटर तपासता येतो, पण ते टोक बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या आत दडलेलं असतं, आणि दुसऱ्याचा माल उघडून कसा बघणार? माझं मन तिथेच कंपोनंटकडे वळलं. शिवाय बऱ्याच कोअ‍ॅक्सियलमध्ये खांबाभोवती बारीक फट असते. डिचोली-सावर्ड्याच्या खाणपट्ट्याकडे चाललेल्या गाडीची लाल धूळ तिथून आत जाते, तीही बाहेरून दिसत नाही.

कंपोनंटमध्ये कटकट आहे ती क्रॉसओव्हरची, म्हणजे जाड-बारीक आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या पेटीची. त्याच सेटचा, दोन्ही बाजूंचा क्रॉसओव्हर हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थेट जोडलेला ट्वीटर जळतो, आणि भलता क्रॉसओव्हर लावला तर आवाज बिघडतो. पेटी उघडून फुगलेला कपॅसिटर, टर्मिनलवरचा हिरवट थर एवढं पाहून घ्यावं. बसवायलाही काम जास्त, ट्वीटरसाठी आरशाजवळ जागा करावी लागते.

गाडीत कंपनीचा साधा स्टिरिओ असेल, आतलं काही कापायचं नसेल, तर कोअ‍ॅक्सियल घेणारा चुकतो असं मी म्हणणार नाही. फक्त एकेक बाजू वाजवून ऐकायला मिळाली पाहिजे. “वाजवायची सोय नाही” म्हणणाऱ्याकडून कोअ‍ॅक्सियल घेऊ नये. कंपोनंट निदान मीटरवर सुटा सुटा तपासता येतो.

माझा सेट वापरलेलाच घेतलेला. पुढे एक ट्वीटर गेला तेव्हा ट्वीटरची जोडी तेवढी बदलली, वूफर आणि क्रॉसओव्हर अजून तेच आहेत. कोअ‍ॅक्सियल असता तर अख्खा स्पीकर काढावा लागला असता.